ॲस्पिरिन लागू पडतंय का, हे मोजायचं कधी आणि कसं?

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत शिकत असलेल्या एका निवासी डॉक्टरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ६२ वर्षांचे गृहस्थ, मधुमेह, तरुणपणापासून बिडी. रात्री झोपू न देणारी पायाची कळ, म्हणून मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत पीटीएफई या प्लास्टिकची कृत्रिम नळी (ग्राफ्ट) टाकून बायपास केला. ७५ मिग्रॅ ॲस्पिरिन २ वर्षांपासून चालू. तिसऱ्या आठवड्यात ग्राफ्ट बंद पडला. राउंडवर कुणीतरी म्हणालं, "ॲस्पिरिन रेझिस्टंट असणार," म्हणजे ॲस्पिरिनला दाद न देणारे. तर चाचणी करावी का, कोणती करावी, आणि रिपोर्ट तसाच आला तर औषध बदलावं का?

मी सर्जन नाही, हे आधी सांगते. रक्तविकृतीशास्त्राची डॉक्टर आहे आणि २२ वर्षं प्लेटलेटचं, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या चिमुकल्या रक्तपेशींचं, काम तपासणारी प्रयोगशाळा सांभाळते आहे. वरच्या मजल्यावरून "रेझिस्टन्स आहे का बघा" अशी चिठ्ठी आली की मी आधी फोन उचलते, पिपेट नंतर. कारण त्या चिठ्ठीत बहुतेक वेळा तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक गुंतलेले असतात: गोळी पोटात गेली का, गेली असेल तर तिनं तिचं काम केलं का, आणि केलं असेल तर मग गुठळी झालीच कशी? एकच चाचणी या तिन्हींचं उत्तर देत नाही.

तुमच्या रुग्णाची चाचणी करा, पण आज नको. आज आधी रक्ताचा साधा काउंट बघा. शस्त्रक्रियेपूर्वीचा प्लेटलेटचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी शेजारी ठेवा, आणि मधल्या दिवसांतले आकडेही शोधून काढा. हेपरिन (शस्त्रक्रियेत देतात ते रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या असतील, तर तुमच्यासमोर ॲस्पिरिनचा नाही, हेपरिनविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांचा रुग्ण आहे. त्याला गुठळी काढताना पुन्हा हेपरिन दिलं तर पाय जाईल, कदाचित माणूसही. ॲग्रिगोमेट्रीच्या (प्लेटलेट एकमेकींना किती चिकटतात ते मोजणाऱ्या चाचणीच्या) नादात हा आकडा पाहायचा राहून गेल्याचं मी पाहिलेलं आहे. त्यानंतर डुप्लेक्स (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा अँजिओग्राम. पहिल्या महिन्यात बंद पडलेल्या ग्राफ्टमागे बहुतेकदा जोडणीतला दोष, ग्राफ्टला पडलेला पीळ, वरून कमी येणारा प्रवाह किंवा खाली रक्त वाहून न्यायला धड धमन्याच नसणं, यांपैकी काहीतरी निघतं. सर्जनला हे ऐकायला आवडत नाही, आणि "रेझिस्टन्स" हा शब्द अशा वेळी फार सोयीचा पडतो.

आता ॲस्पिरिनकडे. प्लेटलेटमध्ये ते एकच नेमकं काम करतं. सायक्लोऑक्सिजनेज-१ या एन्झाइमच्या साखळीतल्या ५२९ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लाला ते आपला ॲसिटिल गट कायमचा चिकटवतं. कुलपात किल्ली मोडून ठेवावी तसं. मग ॲरॅकिडॉनिक ॲसिड हा कच्चा माल आत शिरत नाही आणि त्यापासून थ्रॉम्बॉक्सेन ए-२, म्हणजे प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला लावणारं रसायन, तयार होत नाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन (थ्रॉम्बॉक्सेनच्याच कुळातली रसायनं) तयार होणं थांबवतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं कुलूप बनवता येत नाही. औषध रक्तात टिकतं फार थोडा वेळ, त्याचं अर्धायुष्य १५ ते २० मिनिटांचं आहे, पण त्या वेळात जी प्लेटलेट सापडली ती तिच्या उरलेल्या ७ ते १० दिवसांसाठी निकामी झाली. म्हणून दिवसातून एक छोटी गोळी पुरते.

यातच मोजमापाचं सगळं मर्म आहे. रोज साधारण १० टक्के प्लेटलेट नव्या येतात, आणि आजची गोळी पोटात जाईपर्यंत त्या मोकळ्या असतात. शिवाय थ्रॉम्बॉक्सेन किती कमी झालं आणि प्लेटलेटचं काम किती मंदावलं, यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. थ्रॉम्बॉक्सेन बनवायची क्षमता ९५ टक्क्यांहून जास्त दबली तरच प्लेटलेटच्या कामावर खरा फरक दिसतो. ८० टक्के दबली म्हणजे ८० टक्के फायदा झाला, असं नसतं. एक दिवसाचा खाडा म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नसतो, आणि दोन दिवसांचा तर नाहीच.

"रेझिस्टन्स" हा शब्द मला म्हणूनच खटकतो. जंतू औषधाला दाद देत नाही तेव्हा त्याने स्वतःत काहीतरी बदल केलेला असतो. ॲस्पिरिनच्या बाबतीत असा बदल शोधायला निघालेल्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. २०१३ साली फिलाडेल्फियातल्या गटाने ४०० निरोगी माणसांवर काम केलं. आवरण असलेली ३२५ मिग्रॅची एक गोळी दिल्यावर बऱ्याच जणांच्या प्लेटलेट काही तासांनी दबलेल्या दिसल्या नाहीत. साधी, लगेच विरघळणारी गोळी दिली त्यांच्यात मात्र असं कुणीच निघालं नाही. पुन्हा पुन्हा तपासल्यावर खरा "रेझिस्टंट" माणूस एकही उरला नाही. आपल्याकडे हृदयाच्या आणि पायाच्या रुग्णांना मिळणारी ॲस्पिरिनची गोळी बहुतेक वेळा आवरणाचीच असते, जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारी. रोज नेमाने घेतली तर चार-पाच दिवसांत तिचा परिणाम साचत जाऊन पुरेसा होतो. पण काल संध्याकाळी पहिली गोळी दिली आणि आज सकाळी नमुना पाठवला, तर रिपोर्ट फसवणारच.

आता चाचण्या. दोन जाती आहेत. एक जात विचारते: ॲस्पिरिन आपल्या लक्ष्यापर्यंत पोहोचलं का? दुसरी विचारते: या माणसाच्या प्लेटलेट एकंदरीत किती तापट आहेत? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घोळ होतो तो दुसऱ्या जातीच्या चाचणीवरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिण्यात.

पहिल्या जातीतली सर्वांत प्रामाणिक चाचणी सर्वांत साधी आहे: सीरममधलं थ्रॉम्बॉक्सेन बी-२, म्हणजे ए-२ चं टिकाऊ रूप. काहीही न घातलेल्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, ३७ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, ते आपोआप गोठू द्यायचं, मग फिरवून सीरम वेगळं करून गोठवून ठेवायचं. गोठताना प्लेटलेट जीव तोडून थ्रॉम्बॉक्सेन बनवतात. ते किती बनलं, ते एलायझा या प्रतिपिंडं वापरणाऱ्या चाचणीने मोजायचं. ॲस्पिरिन न घेणाऱ्या माणसात दर मिलिलीटरला काहीशे नॅनोग्रॅम सापडतं, गोळी नेमाने घेणाऱ्यात ते १० च्या खाली असतं. इतकी मोठी दरी असल्यामुळे शंकेला जागा कमी उरते. अडचण अशी की एलायझा एका नमुन्यासाठी लावत नाहीत, नमुने साठवून एकदम करतात. उत्तर आठवड्याने मिळतं. सर्जनला ते आज दुपारी हवं असतं.

दुसरा रस्ता प्रकाशाच्या ॲग्रिगोमीटरचा. १९६२ मध्ये गुस्ताव बॉर्न यांनी ही पद्धत मांडली. ते भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे चिरंजीव, आणि रक्ताकडे प्रकाशाच्या झोतातून बघण्याची कल्पना त्या घरात सुचावी याची मला नेहमी गंमत वाटते. रक्त हलकं फिरवलं की वर प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा उरतो, तांदळाच्या धुवणासारखा गढूळ. त्यात उत्तेजक घातलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात, पाणी निवळतं, आणि प्रकाश पलीकडे जातो. किती गेला, ते टक्क्यांत. ॲस्पिरिनसाठी उत्तेजक म्हणून ॲरॅकिडॉनिक ॲसिडच वापरायचं, कारण तो मार्ग थेट त्या कुलपातून जातो. गोळी घेणाऱ्याचा आलेख जवळजवळ सपाट येतो. २० टक्क्यांच्या वर गेला तर मी भुवई उंचावते. एडीपी हे दुसरं उत्तेजक. त्याचा रस्ता वेगळा, क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट दाबणारं दुसरं औषध अडवतं तो. एडीपीला जोरदार प्रतिसाद आला म्हणजे ॲस्पिरिन हरलं, असं मुळीच नाही.

बाकीची यंत्रं थोडक्यात. व्हेरिफायनाऊमध्ये फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) लावलेले मणी असतात आणि उत्तर एआरयू या एककात येतं. ५५० किंवा त्याहून जास्त म्हणजे ॲस्पिरिनचा परिणाम दिसत नाही. मल्टिप्लेटमध्ये विजेच्या दोन तारांवर प्लेटलेट साचतात आणि अडथळा वाढतो, तोच मोजायचा. प्लेटलेटचा काउंट कमी असेल तर आकडा आपोआप खाली येतो आणि ॲस्पिरिन फार छान लागू पडल्यासारखं वाटतं. पीएफए-१०० मध्ये रक्त एका बारीक भोकातून ओढलं जातं आणि भोक बंद व्हायला किती सेकंद लागले ते पाहतात. ही चाचणी माझ्या मते या कामासाठी सर्वांत फसवी. तिच्यावर फॉन विलेब्रांड घटकाचा, म्हणजे प्लेटलेट चिकटवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचा, प्रचंड प्रभाव असतो, हिमॅटोक्रिटचाही (तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा) असतो. शस्त्रक्रियेनंतर, जंतुसंसर्गात, पायाला गँगरीन असताना हा घटक वाढलेलाच असतो. भोक पटकन बंद होतं आणि कागदावर "रेझिस्टंट" उमटतं, तेही गोळी चोख काम करत असताना. लघवीतल्या ११-डिहायड्रो-थ्रॉम्बॉक्सेनचं, म्हणजे थ्रॉम्बॉक्सेनच्या अवशेषाचं, दुखणं दुसरं: ते फक्त प्लेटलेटमधून येत नाही. दाह असलेल्या शरीरात पांढऱ्या पेशीही त्यात भर घालतात.

या यंत्रांचं आपसात किती जमतं? माँट्रियलच्या गटाने २००७ मध्ये ॲस्पिरिन घेणाऱ्या, हृदयविकार असूनही स्थिर असलेल्या २०१ रुग्णांचं रक्त अनेक चाचण्यांतून काढलं. ॲरॅकिडॉनिक ॲसिडच्या ॲग्रिगोमेट्रीने ४ टक्के रुग्ण "रेझिस्टंट" ठरले, व्हेरिफायनाऊने सुमारे ७ टक्के, आणि पीएफए-१०० ने जवळजवळ ६० टक्के. माणसं तीच, गोळी तीच. त्याहून वाईट म्हणजे एका चाचणीत अडकलेले दुसऱ्या चाचणीत अडकलेच असं नव्हतं. म्हणून "ॲस्पिरिन रेझिस्टन्स इतके टक्के लोकांत असतो" असं कुणी सांगितलं की मी लगेच विचारते, कोणत्या यंत्राने?

रक्तवाहिनी शस्त्रक्रियेच्या रुग्णात या सगळ्यावर आणखी एक थर चढतो, आणि तो हृदयरोगाच्या पुस्तकांत नीट सापडत नाही. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांपैकी निम्मे चुकीच्या वेळी घेतलेले असतात. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकले. अगदी सुरुवातीच्या वर्षांत कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी (मानेतल्या धमनीतला साचलेला थर काढायची शस्त्रक्रिया) चालू असताना थिएटरमधून एक नळी आली. आर्टेरियल लाइनमधून (धमनीत बसवलेल्या बारीक नळीतून) घेतलेली, वर बर्फाच्या पिशवीत घालून पाठवलेली. मी चाचणी केली, आलेख उंच गेला, मी "ॲस्पिरिनचा अपुरा परिणाम" असं लिहून सही केली. त्या कागदाच्या जोरावर क्लोपिडोग्रेलचा मोठा डोस दिला गेला आणि रात्री मानेत रक्त साचून रुग्णाला परत टेबलावर घ्यावं लागलं. ते वाचले. रिपोर्ट मात्र माझ्या सहीचा होता.

त्या एका नळीत तीन चुका होत्या. बर्फ: थंडीने प्लेटलेट आकार बदलतात, अर्धवट जाग्या होतात. लाइन: ती तुंबू नये म्हणून तिच्यात हेपरिन सोडलेलं असतं. आणि तिसरी, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती, ती वेळ. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की कॅरोटिडच्या शस्त्रक्रियेत हेपरिन दिल्यावर काही मिनिटांत, धमनीला क्लँप लावायच्याही आधी, ॲरॅकिडॉनिक ॲसिडला प्लेटलेटचा प्रतिसाद उसळतो. सकाळपर्यंत ॲस्पिरिनने व्यवस्थित दबलेला प्रतिसाद, बरं का. म्हणजे थिएटरमध्ये घेतलेला उंच आलेख खोटा नसतो, पण तो ॲस्पिरिनविषयी सांगत नसतो. रुग्ण आयुष्यभर घेणार असलेल्या गोळीचा निकाल त्या तासाभरावरून लावायचा नाही.

याच लेस्टरच्या मंडळींचं दुसरं काम मला जास्त आवडतं. शस्त्रक्रियेनंतर ते डोक्याला डॉप्लर लावून मेंदूच्या धमनीतून जाणाऱ्या सूक्ष्म गुठळ्या मोजत. ज्यांच्यात त्या खूप निघत, त्यांच्या प्लेटलेट एडीपीला जास्त तापट दिसत. मग त्यांनी ॲस्पिरिन घेणाऱ्या १०० रुग्णांची चाचणी घेतली: शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ७५ मिग्रॅ क्लोपिडोग्रेलची एक गोळी, किंवा नुसती नकली गोळी. पहिल्या ३ तासांत २० हून जास्त गुठळ्या दिसण्याची शक्यता क्लोपिडोग्रेलच्या गटात दहापटीने घटली. परीक्षानळीत काय होतं ते सोडून त्यांनी रुग्णाच्याच मेंदूत काय पोहोचतंय ते ऐकलं. मोजायचंच तर असं मोजावं, पण ही सोय सगळीकडे नसते.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे १०-१२ दिवसही अवघड. रक्त गेलेलं असतं, दाह असतो, अस्थिमज्जा भराभर नव्या प्लेटलेट सोडत असते. हृदयाच्या बायपासनंतर हे नीट अभ्यासलं गेलं आहे. सकाळच्या एका गोळीचा परिणाम दुसऱ्या सकाळपर्यंत पुरत नाही, कारण रात्रीत आलेल्या नव्या प्लेटलेटना गोळी भेटलेलीच नसते. काबूबाहेरचा मधुमेह आणि पायाची सडलेली जखम असलेल्या माणसात मला हेच दिसतं. गोळीनंतर २ तासांनी आलेख सपाट, २४ तासांनी पुन्हा चढलेला. हा रेझिस्टन्स नाही, गोळीच्या आणि प्लेटलेटच्या वेळापत्रकांचा मेळ बसत नाही इतकंच. अशा रुग्णात तोच डोस दोन वेळांत विभागून दिला तर रात्रीचा कोपरा झाकला जातो, हे थ्रॉम्बॉक्सेन मोजून दाखवलेलं आहे. त्याने पाय वाचतात का, हे मात्र आकड्यावरून ठरवू नये.

आता गोळीच्या पाकिटाकडे येते, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आपल्या रुग्णांच्या तोंडी ॲस्पिरिनचं नाव नसतं. ती "रक्त पातळ करायची गोळी" असते. हे नाव जितकं रुळलेलं तितकंच नुकसान करणारं. दात काढायचा आहे? पातळ करायची गोळी बंद. थंडीत हात-पाय गार पडतात? रक्त फारच पातळ झालं असेल, बंद. पंढरपूरकडचे एक माळकरी आजोबा आठवतात. तुमच्या रुग्णासारखाच ग्राफ्ट, तशीच चिठ्ठी. मी विचारलं, गोळी रोज घेता? "रोज. एक दिवस खाडा नाही." सुनेला विचारलं, तीही हो म्हणाली. चाचणीत आलेख उंच. मग मी उपवासांचं विचारलं. आजोबा म्हणाले, "उपाशीपोटी घ्यायची नाही असं तुम्हीच सांगता, मग उपासाला कशी घेणार?" महिन्याच्या दोन एकादश्या आणि दर गुरुवार. कधी एकादशी बुधवारी पडली की सलग दोन दिवस. त्यांच्या हिशेबात हा खाडा नव्हताच. नियम पाळणं होतं. नमुना आला होता शुक्रवारी सकाळी. आपणच दिलेल्या सूचनेने आपणच फसलो होतो.

म्हणून "गोळी चालू आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचं उत्तर "हो"च येतं. "मागच्या आठवड्यात कोणत्या दिवशी राहिली?" असं विचारा. पाकीट मागवा आणि किती गोळ्या उरल्यात ते मोजा. दवाखान्यात भरती असला तरी गृहीत धरू नका. शस्त्रक्रियेआधी कुणीतरी गोळी थांबवतं आणि नंतर पुन्हा सुरू करायचं राहून जातं. औषधाच्या कागदावरची सिस्टरची सही बघा.

दुसरा चोर म्हणजे आयब्युप्रोफेन. ज्याच्या पायाला रात्रभर कळा येतात तो वेदनाशामक घेणार नाही तर कोण घेणार? पॅरासिटामॉलबरोबर ते घातलेली गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळते. आयब्युप्रोफेन त्याच कुलपाच्या तोंडाशी येऊन बसतं, पण तात्पुरतं. ते बसलेलं असताना ॲस्पिरिन आत शिरू शकत नाही, आणि थोड्याच वेळात रक्तातून निघून जातं. आयब्युप्रोफेन मागाहून उठून जातं, कुलूप मोकळं. २००१ मध्ये हे माणसांत स्पष्ट दाखवलं गेलं. त्याच अभ्यासात पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक यांनी असा अडथळा केला नाही. म्हणजे जागेपणी कळ सोसणारा, पायाची वाईट अवस्था असलेला रुग्ण हाच ॲस्पिरिन फुकट जाण्याचा सर्वांत मोठा धनी. त्याला आणि त्याच्या घरच्यांना "अंगदुखीची कोणती गोळी घेता?" असं थेट विचारा. "आणखी औषधं काय चालू आहेत?" यात ती येत नाही, त्यांच्या लेखी ते औषध नसतंच.

तर करायचं कसं. मी दोन नमुन्यांची पद्धत वापरते. शस्त्रक्रियेला दोन आठवडे होऊन गेलेले, ताप नाही, हेपरिन बंद, आयब्युप्रोफेन बंद. पहिला नमुना सकाळच्या गोळीच्या अगदी आधी. मग सिस्टरने समोर उभं राहून आवरण नसलेली साधी ॲस्पिरिन चावून खायला लावायची, तोंड उघडून बघायचं, आणि २ तासांनी दुसरा नमुना. दोन्ही सपाट आले तर ॲस्पिरिन उत्तम चाललंय, विषय संपला; गुठळीचं कारण दुसरीकडे शोधा. पहिला उंच आणि दुसरा सपाट असेल तर एकतर घरी गोळी घ्यायची राहते आहे किंवा प्लेटलेट फार वेगाने बदलताहेत. त्यांत फरक करायला आठवडाभर रोज समोर गोळी देऊन पहिला नमुना पुन्हा घ्यायचा. आता सपाट आला तर घरातली गोष्ट, अजून उंच तर वेगाची. दोन्ही उंच आले, जे फार क्वचित होतं, तर मी प्रयोगशाळेतच त्या प्लाझ्मात ॲस्पिरिन घालून पुन्हा उत्तेजक देते. नळीत घातल्यावर प्लेटलेट दबल्या तर औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. तरीही दबल्या नाहीत तर काहीतरी खरंच वेगळं आहे. ही विभागणी जर्मनीतल्या एका गटाने २००२ मध्ये सुचवली होती, आणि मला ती आजही सर्वांत उपयोगी वाटते. २२ वर्षांत शेवटच्या खणात बसणारे रुग्ण मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच भेटले, आणि त्यांतल्या दोघांत शेवटी प्लेटलेटचा काउंट बेसुमार वाढवणारा अस्थिमज्जेचा आजार निघाला.

आणि रिपोर्ट "अपुरा परिणाम" असा आला तर औषध बदलायचं का? इथे आकड्यांचा मोह आवरावा लागतो. ज्यांच्यात परिणाम कमी दिसतो त्यांना पुढे त्रास जास्त होतो, हे खरं आहे. २००८ मध्ये २० अभ्यासांतले २,९३० रुग्ण एकत्र केले तेव्हा "रेझिस्टंट" ठरलेल्या २८ टक्क्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांची शक्यता जवळजवळ चौपट निघाली. पण त्यांतल्या किती जणांनी गोळी खरोखर घेतली होती? जो गोळी विसरतो तो बहुधा इन्सुलिनही विसरतो आणि बिडीही सोडत नाही. आकडा पाहून उपचार बदलल्याने फायदा होतो का, हे थेट तपासलं तेव्हा निराशाच पदरी आली. नॉर्वेत सुमारे हजार रुग्णांवर ॲस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल देऊन पाहिलं. ॲस्पिरिनला कमी प्रतिसाद देणाऱ्यांनाही त्याचा वेगळा लाभ झाला नाही. फ्रान्समध्ये स्टेंट टाकलेल्या २,४४० जणांत चाचणी बघून औषधं वाढवली, तरी न बघता दिलेल्यांपेक्षा काही बरं झालं नाही. दोन्हींचे निकाल २०१२ मध्ये आले. हे हृदयाचे रुग्ण होते, पायाचे नव्हेत. पण पायासाठी याहून चांगला पुरावा हाती नाही.

डोस वाढवू नका, हे मात्र तुमच्याच क्षेत्रातून आलेलं उत्तर आहे. कॅरोटिडच्या शस्त्रक्रियेला आलेल्या २,८४९ रुग्णांत कमी डोस (८१ किंवा ३२५ मिग्रॅ) आणि जास्त डोस (६५० किंवा १,३०० मिग्रॅ) यांची तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ३ महिन्यांत पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू कमी डोसवाल्यांत ६.२ टक्के, जास्त डोसवाल्यांत ८.४ टक्के. कुलूप एकदा बंद झालं की त्यावर आणखी किल्ल्या मोडून काही मिळत नाही; पोटातला रक्तस्राव तेवढा वाढतो.

तुमच्या रुग्णाला ॲस्पिरिनखेरीज आणखी काही द्यावं का, हा प्रश्न चाचणीवर अवलंबून नाहीच. कृत्रिम ग्राफ्टचं बायपास गुडघ्याखाली असेल तर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलचा फायदा २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसला होता, शिरेच्या ग्राफ्टमध्ये दिसला नव्हता. पायाचा रक्तपुरवठा शस्त्रक्रियेने किंवा बलूनने पूर्ववत केलेल्या ६,५६४ रुग्णांत २.५ मिग्रॅ रिव्हरॉक्सबॅन (रक्त गोठू न देणारी गोळी) दिवसातून दोनदा, ॲस्पिरिनच्या जोडीला, याने ३ वर्षांत मोठ्या घटना १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आल्या. हे २०२० चं. यांपैकी कशातही आधी प्लेटलेटची चाचणी करून रुग्ण निवडले नव्हते. मूत्रपिंड, वय, पूर्वीचा रक्तस्राव बघून तुमचे सर ठरवतील. माझ्या कागदाची वाट बघत हा निर्णय अडवून ठेवू नका.

मग मी चाचणी करायला सांगतेच कशाला? कारण घरी गोळी राहते आहे हे जेव्हा आलेखावर दिसतं, तेव्हा रुग्णाशी बोलणं सोपं जातं. त्या आजोबांना मी दोन्ही आलेख समोर धरून दाखवले, शुक्रवारचा आणि आठवडाभर गोळी घेतल्यानंतरचा. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर चालंल?" चालतं की.

तुमचा नमुना पाठवाल तेव्हा एवढं करा. शिरेतूनच घ्या, लाइनमधून नको. सुई २१ नंबरची, बँड फार वेळ आवळून धरू नका. पहिले ३-४ मिलि वेगळ्या नळीत जाऊ द्या, मग निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या दोन नळ्या खुणेपर्यंत भरून घ्या, आणि सीरमसाठी एक साधी काचेची नळी. हलक्या हाताने उलट-सुलट करा, हलवू नका. बर्फ नाही, फ्रीज नाही, पाइपातून हवेने पाठवायची सोय असली तरी तीही नाही. चिठ्ठीवर शेवटची गोळी कोणत्या दिवशी किती वाजता, कोणी समोर उभं राहून दिली, आणि गेल्या ३ दिवसांत कोणती वेदनाशामकं घेतली, एवढं लिहा. ४ तासांच्या आत पोहोचायला हवं, म्हणून वॉर्डबॉयवर सोडू नका. ॲप्रनच्या खिशात घालून स्वतः घेऊन या. मी ११ वाजेपर्यंत यंत्र तापवून ठेवते.